विमानांचा नाद

रविवारी सकाळी यशराजचा बंगळुरूहून फोन आला. नेहमीसारखं विमानांवर बोलणं झालं. फोन ठेवून आकाराम चौगले चहाचं आधण ठेवायला आत गेला, आणि साखरेचा डबा हातात असताना त्याच्या ध्यानात आलं की आज आपण एक ठार चुकीची गोष्ट बोललो आणि पोराने ती चूक काढली नाही. तो म्हणाला होता, "त्या अमेरिकेच्या रॅप्टरमधी दोघं बसत्यात न्हवं, एक हाकाय आन् एक बगाय, म्हणून ते आपल्या सुखोईला जड जातंय." त्यावर यशराज म्हणाला होता, "व्हय अप्पा, बरोबर हाय." दोघं बसतात ते सुखोईत. रॅप्टरमध्ये माणूस एकटा असतो. ही गोष्ट यशराजनेच त्याला शिकवली होती, आणि आकाराम चुकला की पोरगं कसं उसळायचं हे आकारामला पाठ होतं. आधणात साखर दोनदा पडली. तो पाकासारखा चहा घेऊन आकाराम बाहेरच्या खोलीत फोनजवळच्या खुर्चीत येऊन बसला. खाली मंगळवार पेठेचा रविवार जोरात चालला होता, मटणाच्या दुकानापुढं माणसं पिशव्या घेऊन तटली होती, आणि कुणाच्या तरी घरी रेडिओ मोठा लावला होता.

आता एवढ्या तेवढ्या गोष्टीने माणसाचं काय बिघडायचं आहे, असं कुणीही म्हणेल. आकाराम स्वतःही तसंच म्हणत होता. पोराचं लक्ष नसेल. ऑफिसचं काही डोक्यात असेल. पण गेली कितीतरी वर्षं यशराजच्या बोलण्याची सुरुवात ठरलेली होती. अप्पाने काहीही बोलायचं आणि त्याने म्हणायचं, "न्हाय ओ अप्पा." त्या 'न्हाय ओ अप्पा'मध्ये चीड असायची, मजा असायची, शिकवणाऱ्याचा थोडा तोरा असायचा. मग पाच-दहा मिनिटं पोरगं भडाभडा बोलायचं, मिराजचं असं, एफ-सोळाचं तसं, अप्पा तुमी उगच काय पन बोलू नका. आकाराम आठवडाभर त्याच्यासाठी थांबलेला असे. खरं सांगायचं तर आठवड्यातले बाकीचे दिवस त्याला त्या शब्दांपर्यंत पोचायचा रस्ताच वाटत. आणि आज पोरगं म्हणालं बरोबर हाय. बाप बरोबर आहे, असं पोराने म्हटल्यावर इतका एकटेपणा वाटावा, ही गोष्ट कुणाला सांगायची तरी कशी.

आकारामची सगळी उमर जोखण्यात गेली. कसबा बावड्याच्या साखर कारखान्यात तो वजनकाट्यावर होता. उसाची बैलगाडी लांबून दिसली की तो आकडा मनात धरायचा आणि काट्यावर आली की ताडून बघायचा. फारसा फरक पडत नसे. त्याहून मोठं नाव त्याचं कुस्तीच्या मैदानात होतं. गावोगावच्या जत्रांत कुस्त्या लावायच्या तर आधी जोड ठरवावी लागते. सकाळपासून पोरं लंगोट कसून येतात, आणि जुनीजाणती चार माणसं त्यांच्यातले कोण कुणाशी लढेल ते बघतात. दोघांना शेजारी उभं करायचं, एकमेकांचं मनगट धरायला लावायचं, मान बघायची, कान बघायचे, दम बघायचा. वजन सारखं असून चालत नाही. एकाने काल प्रवास केलेला असतो, एकाच्या डोळ्यात भीती असते. जोड चुकली तर कुस्ती एका क्षणात संपते नाहीतर तासभर रेंगाळते, आणि माणसं जोड लावणाऱ्याच्या नावाने शंख करतात. आकारामने लावलेल्या जोडीला नावं ठेवणारा पंचक्रोशीत सहसा मिळत नसे. चंदगडसारख्या लांबच्या तालुक्यातूनही त्याला बोलावणं यायचं आणि तो एसटीने जाऊन उन्हात दिवसभर उभा राहून पोरांची मनगटं जुळवून यायचा.

घरात मात्र त्याला कुणाशी काय जुळवावं ते कळत नव्हतं. यशराज उशिरा झालेला एकुलता मुलगा, काटकुळा, आईच्या वळणावर गेलेला. त्याला तालमीत घातला तर महिनाभर गेला आणि मग गपचूप जायचा बंद झाला. आकाराम रागावला नाही. त्याला फक्त असं झालं की आता ह्या पोराशी बोलायचं काय? बापलेकांत निरोपाचं काम आकारामची बायको धोंडुबाई करायची. "अप्पास्नी म्हणावं जेवाय या." "त्याला म्हणावं दप्तर उचल." दोघं एकाच खोलीत बसलेले असत आणि धोंडुबाई स्वयंपाकघरातून ये-जा करून एकाचं दुसऱ्याला सांगत असे. पोरगं शहाणं होतं, वाईट वळणाचं नव्हतं, बापाला बघून उठून उभं राहायचं. नुसतं बोलायला काही नव्हतं. आकारामला ते लागायचं. जत्रेत परक्यांच्या पोरांच्या खांद्यावर हात टाकणारा माणूस घरी आला की हाताची घडी घालून बसायचा.

मग एक्क्याण्णव साली आखातात लढाई लागली. यशराज तेव्हा दहा वर्षांचा होता. शेजारच्या घरी टीव्ही होता तिथं तो जाऊन बसायचा आणि वर्तमानपत्रातली विमानांची चित्रं कापून भिंतीला चिकटवायचा. एकदा आकाराम कारखान्यातून आला तेव्हा पोरगं जमिनीवर पालथं पडून एका चित्राकडे बघत होतं. काळं, चपटं, कोपऱ्याकोपऱ्याचं काहीतरी होतं. विमान आहे हे सांगितल्याशिवाय कळलं नसतं. आकाराम सायकलची चावी खिळ्याला लावता लावता थांबला आणि त्याच्या तोंडून त्याच्या धंद्यातलाच प्रश्न गेला, "ह्याची जोड कुणाबर?" पोराने मान वर केली. बापाने आपल्याला काही विचारलं आहे हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. "कुणाबरच न्हाय अप्पा," तो म्हणाला, "हे दिसतच न्हाय."

"दिसत न्हाय म्हंजे?"

"डोळ्याला दिसतंय. रडारला न्हाय. रडारनं लाट सोडली की ती आपटून माघारी याय लागती. ह्याच्यावर आपटली की भलतीकडंच जाती. म्हंजे समोरच्याला वाटतंय कोणच न्हाय."

"मग सलामी?" आकारामने विचारलं. "हात न मिळवताच मारतंय व्हय हे? ह्याला काय कुस्ती म्हंत्यात?"

"न्हाय ओ अप्पा," यशराज म्हणाला आणि उठून बसला. त्या दिवशी पहिल्यांदा तो म्हणाला. लढाई म्हणजे कुस्ती नव्हे, समोरच्याला कळायच्या आत मारायचं, हेच तर त्यात आहे, असं तो हातवारे करून सांगत राहिला. आकारामला ते विमान मनापासून आवडलं नाही. लपून मारणाऱ्याचं त्याला कधीच कौतुक नव्हतं. पण पोराच्या डोळ्यांत जे आलं होतं ते त्याने त्याच्या जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते जाऊ नये म्हणून त्याने घाईघाईने दुसरा प्रश्न विचारला, मग तिसरा. ह्याला दम किती? एका दमात किती लांब जातंय? रशियाचं मिग समोर आलं तर? धोंडुबाई दाराशी भाकरीचं पीठ लागलेले हात तसेच धरून उभी राहिली होती. तिला त्या दिवशी कुणाचा निरोप कुणाला न्यावा लागला नाही.

तेव्हापासून आकाराम शिकायला लागला. कारखाना सुटला की वाचनालयात जायचा आणि वर्तमानपत्रात विमानाचं काही आलं आहे का बघायचा. इंग्रजी नावं त्याच्या जिभेवर बसत नसत, म्हणून तो चालताना ती पुटपुटायचा. मिराज, फाल्कन, ईगल. लोक म्हणू लागले, आकारामला म्हातारपणी विमानांचा नाद लागला. लागू दे म्हणावं. तो जोड तयार करून घरी न्यायचा आणि जेवताना पोरापुढं टाकायचा. यशराज इंजिनिअरिंगला सांगलीला गेला तरी सुट्टीत आला की तेच. नव्व्याण्णव साली सर्बियात तेच काळं, न दिसणारं विमान जुनाट क्षेपणास्त्राने पाडलं, तेव्हा आकाराम पेपर घेऊन एसटीने थेट सांगलीला गेला होता. होस्टेलच्या दारात पोराला बघताच म्हणाला, "पडला की रं तुझा गडी!" यशराज हसला होता. दोघांनी स्टँडवर मिसळ खाल्ली होती आणि दिसत नाही ते दिसलं कसं ह्यावर एसटी सुटेपर्यंत भांडण केलं होतं. त्या एका दुपारची आठवण आकाराम जपून जपून काढायचा, रोज काढली तर झिजेल असं त्याला वाटे.

पुढच्या वर्षी धोंडुबाई गेली. कावीळ झाली, पोटात उतरली आणि तिने फार दिवस घेतले नाहीत. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी यशराज जायला निघाला. बापलेक दारात उभे होते. आकारामला म्हणायचं होतं, दोन दिवस ऱ्हा. म्हणायचं होतं, मला ह्या घरात बसवत न्हाय. त्याच्या तोंडून आलं, "ते नवं सुखोई येणार म्हंत्यात आपल्याकडं. खरं काय?" पोराने पिशवी खाली ठेवली. "येणार अप्पा," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "मी रविवारी फोन करतो, सांगतो." आणि तो करत राहिला. आधी सांगलीहून, मग पुण्याहून, मग बंगळुरूहून. रविवार चुकवला नाही. ग्वाल्हेरला आपल्या सुखोईंची अमेरिकेच्या ईगलशी सरावाची लढत झाली आणि आपली भारी पडली, त्या रविवारी दोघं इतका वेळ बोलले की आकारामचा कान लाल झाला होता. फक्त एकदा मोठं भांडण झालं, अफगाणिस्तानच्या लढाईच्या वेळी. यशराजने सांगितलं की आता प्रिडेटरसारखी अशी विमानं निघाली आहेत ज्यांच्यात माणूसच नसतो. हाकणारा दुसऱ्या मुलखात खुर्चीत बसलेला असतो. त्याने पडद्यावर बघून कळ दाबली की इकडे मरतात. आकारामला ते सहन झालं नाही. "मग पाठ कुणाची टेकती?" तो फोनवर ओरडला होता. "पडलं तर पडलं कोण म्हणायचं? माती कुणाच्या अंगाला लागती?" न्हाय ओ अप्पा, न्हाय ओ अप्पा, असं पोरगं पलीकडून म्हणत होतं आणि आकाराम ऐकत नव्हता. फोन ठेवल्यावर त्याला दिवसभर बरं वाटत होतं.

त्या पोराने आज मुकाट 'बरोबर हाय' म्हटलं होतं. आकाराम सोमवारी संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर गेला. तिथं बाळासो येऊन बसला होता. बाळासो म्हणजे त्याच्याबरोबर मैदानातून जोडी लावत हिंडलेला जुना गडी. आल्या आल्या त्याने आपल्या थोरल्या पोराच्या कागाळ्या काढल्या. "सकाळीच तोंड सुटलं लेकाचं. म्हणतोय, आबा तुमास्नी काय कळतंय, गप बसा की एका जागी. माझ्याच घरात मला म्हणतोय. काय जगायचं हाय व्हय हे?"

"दररोज म्हणतोय?" आकारामने विचारलं.

"दररोज? उठल्यापासनं."

आकाराम कुस्तीच्या हौद्याकडे बघत राहिला. बाळासोला वाटलं तो आपल्यासाठी वाईट वाटून घेतोय, म्हणून त्यानेच विषय बदलला. "तुझं बरं हाय बग. पोरगं लांब, पर दर रविवारी फोन. लई गुणाचं."

"गुणाचं हाय," आकाराम म्हणाला. त्याला बाळासोचा हेवा वाटला होता, आणि तो इतका खरा होता की त्याची त्यालाच लाज वाटली. खाली हौद्यात दोन पोरं लाल मातीत झटत होती. एकाचा श्वास वर चढला होता तरी तो सोडत नव्हता, आणि दुसरा त्याच्या मानेवर सगळा भार टाकून होता. रोज संध्याकाळी आकाराम हे बघायला यायचा आणि रोज त्याला त्यातलं सगळं कळायचं. त्या दिवशी त्याला एवढंच दिसलं की ती दोघं एकमेकांना घट्ट धरून आहेत.

मंगळवार, बुधवार असेच गेले. माणूस एकटा राहिला की त्याला स्वतःशी खटला चालवायची सवय लागते. सकाळी तो पोराच्या बाजूने बोलायचा, थकला असेल बिचारा, तिकडं पहाटेपासून गाड्यांच्या गर्दीत अडकत असेल. दुपारी भाकरी थापताना तो उलटायचा. गेल्या रविवारचं जाऊ दे, त्याच्या आधीच्या रविवारी काय झालं होतं? मागचा महिना? आता त्याला आठवत गेलं की अलीकडे 'न्हाय ओ अप्पा' कमी झालं होतं. 'व्हय काय?' वाढलं होतं. 'बगतो की' वाढलं होतं. मधेच पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू यायची. आपण काहीतरी लांबलचक सांगत असायचो आणि ती टकटक चालूच राहायची, मग थांबायची, आणि पोरगं म्हणायचं, "हं, मग अप्पा?" बोलणं चालू होतं, आवाजही पोराचाच होता, आणि आत कोण नव्हतं. भाकरी तव्यावर करपली. एकट्याची एकच भाकरी, ती पण करपली, ह्याचं आकारामला हसू आलं आणि मग एकदम डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते खांद्यावरच्या टॉवेलने पुसलं आणि करपलेली बाजू खरवडून भाकरी खाल्ली.

गुरुवारी तो सुष्मिताच्या नेट कॅफेत गेला. दर गुरुवारी जायचा. सुष्मिता शिकलेली, लग्न होऊन पेठेत आलेली, दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्याला इंटरनेटवरची विमानांची पानं काढून मराठीत समजावून सांगायची. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून आकारामची ही शिकवणी चालली होती. तिनेच त्याला सांगितलं होतं की रॅप्टर रडारवर एखाद्या गोटीएवढं दिसतं म्हणे, आणि सुखोई चांगलं घराएवढं. मग सुखोईला ते कळणार कधी, तर जवळ आल्यावर, आणि जवळ आल्यावर मात्र सुखोई असं गर्रकन वळतं की बघत राहावं. आकारामने त्याचं आपल्या हिशेबात बसवून घेतलं होतं. लांबून मारणारा आणि मिठीत घेऊन मारणारा. मिठीत आला तर आपला, नाहीतर त्याचा.

"काका, आज कुणाची जोड?" सुष्मिताने खुर्ची सरकवत विचारलं. "रशियाबरोबर मिळून आपण पण न दिसणारं विमान करणार, ते वाचलं का? काढू?"

"काढ," तो म्हणाला, आणि मग बसलाच नाही. "सुष्मिता, एक इचारू? एकाद्याला पयलं नाद असला एकाद्या गोष्टीचा, आन् मग सुटला, तर ते त्याच्या बोलण्यावरनं कळतंय काय?"

"तुमचा सुटला काय काका?" ती हसून म्हणाली. "कोल्हापुरात तुमच्याएवढा विमानांचा नाद दुसऱ्या कुणाला न्हाय."

"मला न्हाय," आकाराम म्हणाला. "मला कवाच नव्हता."

तिने वळून बघितलं. आकारामला बोलल्यावर कळलं की हे आपण कुणापुढं पहिल्यांदाच बोललो. "माझ्या पोराला हाय," तो म्हणाला. "ल्हानपणापासनं. त्याच्यासंगं बोलाय काय तरी पायजे न्हवं? मला खरं सांगू, त्या विमानांची शिसारी येती. मी कवा बसलोबी न्हाय. वरनं गेलं तरी मान वर करू वाटत न्हाय. समद्या जगातली विमानं डोस्क्यात भरल्यात, आन् एक बी आवडत न्हाय." पडद्यावर कुठल्यातरी विमानाचं चित्र अर्धं उमटून थांबलं होतं. मग तिने हळूच विचारलं, "वाचू काय, काका?" आणि आकाराम बसला, आणि तिने वाचलेलं सगळं त्याने ऐकून घेतलं, कारण रविवार यायचाच होता.

शनिवारपर्यंत त्याने ठरवलं. संशय पोटात घेऊन तो जगू शकला नसता. मैदानात पोरगं खरं लढायला आलं आहे की नुसतं मिरवायला, हे बघायची एक रीत असते. त्याच्यापुढं मुद्दाम डोळ्यांत खुपेल अशी हलकी जोड आणायची. ज्याच्यात रग आहे तो खवळतो, हा कोण आणला माझ्यापुढं म्हणतो. ज्याच्यात नाही तो गुपचूप मनगट पुढं करतो. तसंच फोनवर करायचं. काहीतरी असं बोलायचं की ज्याच्या मनात विमानांची एक ठिणगी उरली असेल तो उसळलाच पाहिजे. आणि उसळला नाही तर? तर पोराला आता आपल्यात काही राहिलेलं नाही, तो धर्म म्हणून फोन करतो, देवापुढं उदबत्ती लावल्यागत. मग आपण त्याला सांगायचं, नको करूस. ते सांगितल्यावर आपल्या आठवड्यात काय उरणार होतं हे आकारामला नीट दिसत होतं. ह्या फोनपलीकडे त्याच्याजवळ पोराचं काहीही नव्हतं. पोरगं कुठल्या मजल्यावर राहतं, डबा कुणाचा खातं, आजारी पडलं तर कोण बघतं, ह्यातलं त्याला काही ठाऊक नव्हतं. ते धोंडुबाईचं खातं होतं, आणि ती गेल्यावर ते दोघांपैकी कुणीच हातात घेतलं नव्हतं.

रविवारी फोन वाजला तेव्हा आकाराम आधीपासून खुर्चीत बसलेला होता. तरी त्याने लगेच उचलला नाही.

"अप्पा, बरं हाय न्हवं?"

"बरं हाय. तुझं?"

"चाललंय." आणि मग ठरल्याप्रमाणे थोडी शांतता, अप्पाने विमान काढावं म्हणून सोडलेली.

"मी काय म्हणतो यशराज," आकाराम म्हणाला, आणि घसा खाकरला. "ते अमेरिकेचं प्रिडेटर. त्याच्यातला जो पायलट असतोय, त्यो लई धाडसी गडी असला पायजे. एवढ्या वर एकटाच बसायचं, चोवीस चोवीस तास. पाय आखडत असतील बिचाऱ्याचं."

पलीकडे टकटक चालू होती. थांबली. आकारामने रिसीव्हर कानाला इतका दाबला की त्याला स्वतःच्याच रक्ताचा आवाज यायला लागला. म्हण, तो मनात म्हणत होता. म्हण लेका, न्हाय ओ अप्पा म्हण. शिव्या दे पायजे तर.

"व्हय अप्पा," यशराज म्हणाला. "असतोच की धाडसी."

ठरवलेलं वाक्य आकारामच्या तोंडाशी होतं आणि ते बाहेर पडत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "यशराज, आत कोण नसतंय. तूच सांगितलंवतंस मला. आपलं भांडान झालंतं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पोरगं बोलायला लागलं, आणि त्याचा आवाज आकारामने कधी ऐकला नव्हता तसा पडलेला होता.

"अप्पा, चुकलं माझं. खरं सांगू काय? रागवू नका. माझं विमानांचं येड कॉलेजातच सुटलं. सांगलीलाच. मला आता त्यातलं काय पन कळत न्हाय. पर तुमास्नी लई नाद. आई गेली त्या टायमाला मी निघालोतो, तवा बी तुमी सुखोईचंच इचारलंसा. मला वाटलं, अप्पांस्नी ह्याच्यावर बोललं की बरं वाटतंय, तेवढाच इरंगुळा हाय त्यास्नी. म्हणून मी शनिवारी नेटवर बसून वाचून ठिवायचो. तुमी काय इचारशीला ते आदी हुडकून ठिवायचं. ह्या चार म्हैन्यांत ऑफिसात लई ताप हाय, शनिवारी बी बोलवाय लागल्यात, वाचाय मिळंना झालंय. म्हणून फोनवर बी हातातलं काम चालू ठिवून आपलं व्हय व्हय म्हणत हुतो. तुमास्नी कळंल असं वाटलं न्हवतं."

आकाराम खुर्चीत मागे टेकला. त्याच्या डोळ्यांपुढं सांगलीच्या स्टँडवरची ती मिसळ आली, आणि तेव्हाही कदाचित पोरगं आदल्या संध्याकाळी वाचून बसलेलं असेल, असं मनात आलं. मग पुण्यातली कुठली तरी खोली आली, बंगळुरूची आली. बाकीची पोरं शनिवारी बाहेर पडतात, सिनेमाला जातात, आणि हे एक काटकुळं पोरगं पडद्यापुढं बसून बापासाठी विमानं पाठ करतंय. आणि तिकडं गुरुवारी बाप सुष्मिताच्या कॅफेत बसून पोरासाठी तेच करतोय. दोघांनाही विमानात बसायचं नव्हतं. त्याला हसू फुटायच्या बेतात होतं, आणि ते फुटलं असतं तर रडूच झालं असतं. सांगून टाकावं, त्याला वाटलं. म्हणावं, लेका, मला कसला नाद, मी तुझ्यासाठी करत हुतो. अगदी जिभेवर आलं. आणि त्याला कळलं की हे सांगितलं की पोराचे ते सगळे शनिवार फुकट जातील. त्याने एकटं बसून, दमून, न आवडणारं वाचून बापाला सुख दिलं होतं. ते सुख बापाला नकोच होतं, असं त्याला कसं सांगायचं? आपलं राहू दे. आपले गुरुवार आपल्याजवळ ठेवता येतील. कुणाला कळलं नाही तरी चालेल.

"अप्पा? हाय न्हवं? रागावलासा?"

"न्हाय रं," आकाराम म्हणाला. "रागवू कशापाय? मला हाय नाद. लई हाय. तुझ्याबिगर मला कोण सांगणार ते समदं?"

पलीकडे पोराने सोडलेला श्वास त्याला स्पष्ट ऐकू आला.

"पर आता असं करू," तो म्हणाला, "दर आठवड्याला वाचत बसू नगंस. जमंल तवा वाच. न्हायतर आयतंच सांग, काय ठावं असंल ते. आता हेच सांग. आत माणूस नसतंय तर ते हाकत्यात कसं?"

"थांबा हं अप्पा, उघडतो," यशराज म्हणाला, आणि पुन्हा ती टकटक सुरू झाली. मग तो वाचत वाचत सांगू लागला. आधी अडखळत, मग हळूहळू त्याच्या आवाजात जुना तोरा यायला लागला. ते उडवणारे कसे एका खोलीत बसतात, एकाच्या हातात दांडा असतो, दुसरा पडद्यावर बघतो, इथून हाक गेली की ती आधी आभाळात उपग्रहाकडे जाते आणि तिथून खाली विमानाकडे, आणि तेवढ्यात थोडा वेळ जातोच, म्हणजे हात हलवला तरी तिकडं हलायला जरा उशीर होतो. आकारामने डोळे मिटून घेतले होते. ह्यातलं अक्षरन् अक्षर त्याला ठाऊक होतं.

"आसं व्हय?" तो म्हणाला.